लॉयश्नर चौकातली सकाळ: लाइपझिगमधील बीट संगीतबंदीचे प्रकरण, १९६५

३१ ऑक्टोबर १९६५ हा रविवार होता. सकाळी १० च्या सुमारास पूर्व जर्मनीतील लाइपझिग शहराच्या मध्यभागी, विल्हेल्म लॉयश्नर चौकात, साधारण २,५०० माणसे जमली होती. कोणाच्या हाती फलक नव्हता, कोणी भाषण करत नव्हते, घोषणाही नव्हत्या. मुले घोळक्याघोळक्याने उभी होती आणि पुढे काय होणार याची वाट पाहत होती. त्यांच्यापैकी बीट, म्हणजे बीटल्सच्या धाटणीच्या गिटार-संगीताच्या, ओढीने आलेली मुले-मुली ५०० ते ८०० असावीत. उरलेल्या गर्दीत साध्या वेशातील पोलीस, सत्ताधारी पक्षाचे कार्यकर्ते, सरकारी युवक संघटनेचे पदाधिकारी आणि काही बघे होते. ध्वनिक्षेपकावरून पांगण्याचा हुकूम झाला आणि पाठोपाठ पाण्याचे फवारे, पोलिसी कुत्री आणि दंडुके आले. २६० हून अधिक जणांना पकडण्यात आले. या मुलांचे म्हणणे एवढेच होते की त्यांच्या आवडीच्या वाद्यवृंदांवर घातलेली बंदी मागे घ्यावी.

हा चौक ज्याच्या नावाचा आहे तो विल्हेल्म लॉयश्नर कामगार संघटनांचा नेता होता आणि हिटलरच्या राजवटीने त्याला सप्टेंबर १९४४ मध्ये फाशी दिली होती. कामगारांचे राज्य म्हणवणाऱ्या राजवटीने त्याच्या नावाच्या चौकात बहुतांशी कामगारांच्याच मुलांवर कुत्री सोडली, हे या प्रकरणातले पहिले दुखणे आहे. या घटनेचा पूर्व जर्मनीच्या इतिहासात आज आवर्जून उल्लेख होतो, कारण १७ जून १९५३ चा कामगारांचा उठाव आणि राजवट उलथवणारी १९८९ ची शरदातली आंदोलने यांच्या मधल्या काळात विनापरवाना एवढी माणसे रस्त्यावर आल्याचे प्रसंग फार थोडे आहेत. तरीही तिला थेट राजकीय बंडाच्या रांगेत बसवणे मला योग्य वाटत नाही. त्या सकाळी चौकात राजकारण आले हे खरे, पण ते मुलांनी आणले नव्हते.

ताल आणि ताळ

रॉक अँड रोल जर्मनीत आला तेव्हा तो दोन्ही जर्मनींत वडीलधाऱ्यांना सारखाच खुपला. पश्चिमेत १९५६ ते १९५८ या वर्षांत रस्त्यांवर आणि चित्रपटगृहांबाहेर दंगा करणाऱ्या कामगार वस्तीतल्या तरुणांना ‘हाल्बष्टार्क’, म्हणजे अर्धवट जोर आलेले पोर, असे नाव पडले होते. २६ ऑक्टोबर १९५८ रोजी पश्चिम बर्लिनच्या श्पोर्टपालास्ट सभागृहात बिल हेली या अमेरिकन रॉक गायकाच्या कार्यक्रमात खुर्च्या मोडल्या आणि मारामाऱ्या झाल्या, तेव्हा त्यावर पूर्व आणि पश्चिम दोन्हीकडून जवळजवळ एकाच सुरात टीका झाली. फरक उपायांत होता. पश्चिमेत हळूहळू व्यापाऱ्यांनी या तरुणांना गिऱ्हाईक म्हणून आपलेसे केले. पूर्वेत मात्र संगीत हा राज्याच्या देखरेखीचा विषय होता. तिथे २ जानेवारी १९५८ च्या आदेशाने नाचगाण्याच्या कार्यक्रमांचे प्रमाण ठरवून दिले होते: वाजवल्या जाणाऱ्या रचनांपैकी किमान ६० टक्के समाजवादी देशांतल्या असल्या पाहिजेत आणि पश्चिमेकडच्या फार तर ४० टक्के.

बंदीबरोबर पर्यायही देऊन पाहिला गेला. १९५९ मध्ये लाइपझिगच्याच मंडळींनी ‘लिप्सी’ नावाचे नवे नृत्य सादर केले. शहराच्या लिप्सिया या लॅटिन नावावरून ते नाव घेतले होते. ताल सहा मात्रांचा आणि जोडीने, एकमेकांना धरून नाचायचे. नेत्यांनी त्याची भरपूर तरफदारी केली, पण मुलांनी ते उचलले नाही. त्याच वर्षी लाइपझिग परिसरातल्या काही तरुणांनी रस्त्यावर उघड म्हटले की आम्हाला लिप्सी नको, इथला आलो कोल नावाचा वाद्यवृंदप्रमुखही नको. आम्हाला एल्विस प्रेस्ली हवा. त्याबद्दल काही तरुणांना सहा महिन्यांपासून साडेचार वर्षांपर्यंत तुरुंगवास झाला. पुढे सहा वर्षांनी जे घडले त्याची ही नांदी होती आणि ती त्याच शहरात झाली होती.

ऑगस्ट १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. भिंतीनंतर सारे अधिकच आवळले गेले असावे असा आपला समज असतो, पण काही काळ उलटेच घडले. माणसे पळून जाण्याची धास्ती संपल्यावर राज्यकर्त्यांचा हात थोडा सैल झाला आणि तरुणांना विश्वासात घेऊन पाहावे असा विचार पुढे आला. २१ सप्टेंबर १९६३ रोजी पक्षाच्या सर्वोच्च मंडळाने तरुणांविषयीचे निवेदन प्रसिद्ध केले. त्यामागे कुर्ट टुर्बा या पत्रकाराचा मोठा हात होता. त्यातले एक वाक्य फार गाजले. तरुणांनी कोणता ताल निवडायचा ते त्यांच्यावर सोडले आहे, त्यांनी सभ्यपणा सोडू नये म्हणजे झाले, असा त्याचा आशय होता. जर्मनमध्ये ताल आणि सभ्यपणा या दोन्हींसाठी एकच शब्द असल्याने ती कोटी जमली होती. मराठीत सांगायचे तर, ताल कोणताही धरा, ताळ सोडू नका.

पुढची दोन वर्षे त्या वाक्याच्या आधाराने बरेच काही उमलले. १९६४ च्या मे महिन्यात पूर्व बर्लिनमध्ये तरुणांचा मेळावा भरला, तेव्हा नभोवाणीने ९९ तास सलग तरुणांसाठी कार्यक्रम केला आणि त्यातून ‘डीटी ६४’ हा कायमचा कार्यक्रम सुरू झाला. ‘अमिगा’ या सरकारी ध्वनिमुद्रण संस्थेने १९६५ मध्ये बीटल्सची तबकडीसुद्धा काढली. आणि गल्लोगल्ली गिटार घेतलेल्या मुलांचे वाद्यवृंद निघाले. सरकारी कागदपत्रांत त्यांना ‘गिटार गट’ म्हणत. मुले आपल्या संगीताला ‘बीट’ म्हणत.

हे गट कसे चालत हे पाहण्यासारखे आहे, कारण त्यांच्यातली मेहनत सरकारी अहवालांत कधीच उतरली नाही. गाणी पश्चिमेकडच्या नभोवाणीवर, विशेषतः रेडिओ लक्झेंबर्गवर, रात्री कान लावून ऐकायची, शब्द समजले नाहीत तरी कानाला जसे लागतील तसे लिहून घ्यायचे आणि सूर पुन्हा पुन्हा वाजवून जुळवायचे. वाद्ये मिळाली तर मार्कनॉयकिर्खेन गावच्या कारखान्यातली, नाही तर दुरुस्त करून घेतलेली. ध्वनिवर्धक जुन्या रेडिओच्या भागांतून घरीच जोडलेले. दिवसा ही मुले कारखान्यात उमेदवारी करत किंवा शाळेत जात आणि शनिवारी संध्याकाळी एखाद्या उपाहारगृहाच्या किंवा क्लबच्या सभागृहात वाजवत. वाजवण्यासाठी परवाना लागे आणि परवान्यासाठी समितीपुढे परीक्षा द्यावी लागे. म्हणजे ही मुले राज्याच्या चौकटीबाहेर नव्हती. तिच्या आत राहूनच ती आपली आवड जोपासत होती. नंतरचा सारा प्रसंग समजून घ्यायला ही गोष्ट महत्त्वाची आहे.

लाइपझिगला एक वेगळेपण होते. वसंतात आणि शरदात भरणाऱ्या जत्रेमुळे, म्हणजे तिथल्या प्रसिद्ध व्यापारी प्रदर्शनामुळे, पश्चिमेकडचे पाहुणे दरवर्षी शहरात येत आणि त्यांच्याबरोबर कपडे, मासिके, तबकड्याही येत. १९६५ मध्ये शहराचे ८०० वे वर्ष साजरे होत होते. या शहरातला सर्वांत लाडका गट होता ‘बटलर्स’. क्लाउस येंच हा त्याचा म्होरक्या. रेन्फ्ट हे आईचे माहेरचे आडनाव लावून तो पुढे प्रसिद्ध झाला. त्याचा आधीचा गट १९६२ मध्ये बंद करवला गेला होता आणि १९६४ च्या मोकळ्या हवेत त्याने बटलर्स उभा केला. एप्रिल १९६५ मध्ये ‘नॉयेस डॉइचलांड’ या पक्षाच्या मुख्य वृत्तपत्राने या गटावर कौतुकाचा लेख छापला होता. सहा महिन्यांनी हाच गट राज्याला नकोसा झाला.

वारे कसे फिरले

१५ सप्टेंबर १९६५ रोजी पश्चिम बर्लिनच्या वाल्डब्यूने या खुल्या रंगमंचावर रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. तो लवकर आटोपल्याने चिडलेल्या श्रोत्यांनी बाकांची मोडतोड केली आणि घरी जाताना एस-बान या शहरी रेल्वेच्या डब्यांचीही नासधूस केली. ती रेल्वे पश्चिम बर्लिनमध्ये धावत असली तरी तिची मालकी आणि चालवणे पूर्व जर्मनीच्या रेल्वेकडे होते. त्यामुळे पूर्वेतल्या नेत्यांसाठी ही दुसऱ्याच्या घरातली मोडतोड राहिली नाही, त्यांच्या मालमत्तेचे नुकसान झाले होते. हे संगीत ऐकले की तरुण हिंसक होतात, असे म्हणणाऱ्यांच्या हाती आयते उदाहरण आले.

पण उदाहरण मिळण्याआधीच ते शोधणारे लोक होते. १९६३ चे धोरण पक्षातल्या मोठ्या गटाला कधीच पटले नव्हते. एरिक होनेकर हा त्यांचा पुढारी. ११ ऑक्टोबर १९६५ रोजी, सर्वोच्च नेता वाल्टर उलब्रिख्त रजेवर असताना, होनेकरच्या अध्यक्षतेखाली पक्षाच्या केंद्रीय सचिवालयाने तरुणांमधील कार्य आणि गुंड टोळ्या यांविषयी ठराव केला. गिटार गटांची तपासणी करा, ज्यांचे वाजवणे पश्चिमी धाटणीचे आहे त्यांचे परवाने काढा, आणि काम टाळून हिंडणाऱ्या तरुणांना कामाच्या शिबिरात पाठवा, असा त्याचा रोख होता. लाइपझिग जिल्ह्याचा पक्षप्रमुख पाउल फ्रोलिश याने या ठरावाची अंमलबजावणी इतरांपेक्षा तडफेने केली. १९५३ च्या उठावाच्या वेळीही तो याच पदावर होता आणि रस्त्यावरच्या गर्दीची भीती त्याच्या मनात तेव्हापासून घर करून होती असे मला वाटते.

२० ऑक्टोबरला स्थानिक ‘लाइपझिगर फोल्क्सझाइटुंग’मध्ये या गटांवर झोडपणारा लेख आला. लांब केस, अंगविक्षेप, इंग्रजी नावे, बेताल आवाज, सारे काही त्यात एका दमात दोषास्पद ठरवले होते. दुसऱ्याच दिवशी बटलर्सवर बंदी आली. लाइपझिग भागातील नोंदणीकृत ५८ गटांपैकी ५४ गटांचा वाजवण्याचा अधिकार गेला. या एका आकड्यातच प्रकरणाचे मर्म आहे. एखाद्या गटाचा गैरप्रकार असता तर त्या गटावर कारवाई समजली असती. ५८ पैकी ५४ दोषी ठरतात तेव्हा दोष गटांत नसून मोजपट्टीत असतो.

पत्रक आणि त्याचा प्रसार

मार्कक्लेबर्ग हे लाइपझिगला लागून असलेले छोटे शहर. तिथल्या दोन शाळकरी मुलांनी लहान मुलांच्या खेळण्यातल्या शिक्क्यांच्या पेटीने, एकेक अक्षर जुळवून, १५० हून अधिक पत्रके छापली. बीट संगीताच्या मित्रांनी ३१ ऑक्टोबरला सकाळी १० वाजता लॉयश्नर चौकात निषेधासाठी जमावे, एवढाच मजकूर. ती त्यांनी रात्री शहरात चिकटवली आणि वाटली.

एवढ्या पत्रकांनी पाच-सहा लाखांच्या शहरात किती मुले जमली असती? फार तर काही डझन. पण पत्रके अधिकाऱ्यांच्या हाती लागली आणि घबराट उडाली. शाळाशाळांतून, कारखान्यांतून, उमेदवारीच्या वर्गांतून सूचना गेल्या: रविवारी त्या चौकात कोणीही जायचे नाही, गेलात तर परिणाम भोगावे लागतील. ज्या मुलांनी पत्रक पाहिलेही नव्हते त्यांना शिक्षकांच्याच तोंडून दिवस, वेळ आणि ठिकाण कळले. पुष्कळ जण निव्वळ काय होते ते पाहायला गेले. शिवाय गर्दीत मिसळण्यासाठी पक्षाने आणि पोलिसांनी आपलीही माणसे पाठवली, त्यामुळे गर्दी अधिकच दाट दिसू लागली आणि ती तशी दिसते म्हणून तिच्यावर बळाचा वापर गरजेचा ठरला. लॉयश्नर चौकातल्या गर्दीचे मोठे श्रेय बंदी घालणाऱ्यांनाच द्यावे लागते, ते याचमुळे.

पकडलेल्यांपैकी ९७ जणांना रीतसर खटला न चालवता लाइपझिगच्या दक्षिणेकडील किट्शर आणि रेगिस-ब्राइटिंगेन येथील लिग्नाइट कोळशाच्या उघड्या खाणींत, देखरेखीखाली, सहा आठवड्यांपर्यंत कामाला धाडण्यात आले. पूर्व जर्मनीची वीज आणि घरांतली ऊब या तपकिरी कोळशावर चालत असे, आणि हिवाळ्याच्या तोंडावर खाणीत रूळ सरकवणे, चिखल उपसणे हे काम मोठ्यांनाही जड जाई. पकडलेल्या अनेक मुलांचे केस बळजबरीने कापले गेले. अधिकृत भाषेत ही कारवाई कामचुकार आणि असामाजिक घटकांविरुद्ध होती. प्रत्यक्षात त्यांच्यात बरेच जण नियमित नोकरी किंवा उमेदवारी करणारे होते. म्हणजे जी मुले कामावर जात होती त्यांना कामाची सवय लावण्यासाठी कामावरून उचलून दुसऱ्या कामावर नेण्यात आले. हे वाचताना राग येतो, आणि तो लपवण्याची मला गरज वाटत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला गाण्याच्या आवडीपायी घरच्यांना धड पत्ता न लागू देता खाणीत उभे करणे हा अन्यायच होता.

नेत्यांना नेमके काय ऐकू येत होते

डिसेंबर १९६५ मध्ये पक्षाच्या केंद्रीय समितीचे ११ वे अधिवेशन झाले आणि लाइपझिगमध्ये जे घडले त्याला देशभराचे धोरण म्हणून मान्यता मिळाली. बीटल्सच्या ‘येह येह येह’ची नक्कल करत, पश्चिमेकडून येणारी प्रत्येक घाण आपण उचललीच पाहिजे का, असा सवाल उलब्रिख्तने तिथे केला, ते ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळते. त्या अधिवेशनाने गिटारपुरते थांबायचे ठरवले नव्हते. त्या वर्षीचे बरेचसे चित्रपट पडद्यावर येण्याआधीच कपाटात गेले, वोल्फ बीअरमान या गायक-कवीला जाहीर कार्यक्रम करता येईनासे झाले आणि कुर्ट टुर्बा पदावरून गेला.

ही माणसे निव्वळ दुष्ट होती असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. उलब्रिख्त स्वतः लाइपझिगचा. १८९३ मध्ये एका कष्टकरी घरात जन्मलेला, सुतारकाम शिकलेला, कामगारांच्या युवक चळवळीत वाढलेला. होनेकरने हिटलरच्या काळात जवळपास दहा वर्षे कैदेत काढली होती आणि युद्धानंतर सरकारी युवक संघटनेचा तो पहिला अध्यक्ष होता. या पिढीच्या मनात तरुणाईचे चित्र पक्के होते: एकसारखा गणवेश, झेंडे, शिस्तीत चालणारी रांग, सर्वांनी मिळून म्हटलेले गाणे. चळवळीतल्या त्या रांगेने त्यांना भाकरी, शिक्षण, मान आणि जिवाला जीव देणारे सोबती दिले होते. ज्या मुलांनी यातले काहीही कष्टाने मिळवले नव्हते, तीच मुले केस वाढवून, एकेकटी, डोळे मिटून अंग हलवतात आणि शत्रूदेशातल्या भाषेत गातात, हे पाहून त्यांना खरोखर दुःख झाले असणार. त्यातच, संगीत हे शत्रूच्या मानसिक युद्धाचे हत्यार आहे असे शीतयुद्धाने त्यांना पटवून दिले होते. पश्चिमेकडची प्रसारण केंद्रे पूर्वेकडे मुद्दाम कार्यक्रम करत होती, हेही खोटे नव्हते.

तरीही एका साध्या गोष्टीकडे त्यांनी पाहिले नाही. बटलर्सच्या कार्यक्रमाला येणारी मुले पश्चिमेत पळून जायला आलेली नव्हती; शनिवारी आपल्याच गावात, आपल्याच भाषेत बोलणाऱ्या पोरांचे वाजवणे ऐकायला आली होती. ती राज्याच्या परवान्याने वाजवणाऱ्या गटांची चाहती होती. १९६३ च्या वाक्यावर विश्वास ठेवणारीही तीच. तो विश्वास मोडला तो पश्चिमेच्या प्रचाराने नव्हे. ज्याला काल वृत्तपत्रात शाबासकी मिळाली त्याला आज गुंड ठरवले गेले, आणि ते का, हे विचारायला गेलेल्यांना कुत्री चावली. लाइपझिगचा कादंबरीकार एरिक लोएस्ट याने १९७८ मधल्या आपल्या कादंबरीत नायकाला याच चौकात कुत्रे चावल्याचे दाखवले आहे, आणि ती जखम त्या माणसाच्या वागण्यात पुढे कायम राहते. घटनेविषयी उघड लिहिणे अवघड असताना तिची आठवण छापील पानावर टिकली ती अशी.

या प्रकरणाला १९८९ शी सरळ जोडणारे लोक आहेत. गिटारने भिंत पाडली असे म्हणायला आकर्षक वाटते. १९६५ च्या मुलांपैकी काही जण २४ वर्षांनी, चाळिशी ओलांडल्यावर, लाइपझिगच्या सोमवारच्या मोर्च्यांत असतीलही. पण मधल्या वर्षांत बहुतेकांनी नोकऱ्या केल्या, संसार केले, घरात आपले संगीत ऐकले आणि बाहेर गप्प राहिले. परिणाम शोधायचा तर तो या गप्पपणात शोधावा लागेल: राज्य जे म्हणते ते ऐकून घ्यायचे आणि आपले खरे ते घरी ठेवायचे, ही सवय त्या पिढीच्या एका भागाला पोरवयातच लागली.

राज्यानेही नंतर आपली रीत बदलली. १९६६ पासून सरकारी युवक संघटनेने गाण्यांचे क्लब काढून तरुणांच्या हातातल्या गिटारला मान्य शब्द पुरवायला सुरुवात केली. होनेकर १९७१ मध्ये सर्वोच्च पदावर आल्यावर तर जर्मन भाषेतल्या रॉक संगीताला नभोवाणी, ध्वनिमुद्रिका आणि रंगमंच असे सारे मिळाले. क्लाउस येंचला १९६७ मध्ये पुन्हा वाजवण्याची परवानगी मिळाली होती आणि ‘रेन्फ्ट’ हा त्याचा गट देशातल्या सर्वांत लोकप्रिय गटांपैकी झाला. त्यांची गाणी जर्मन होती, त्यामुळे इंग्रजीच्या नकलेचा आक्षेप आता लागू पडत नव्हता. पण आता शब्द सगळ्यांना कळत होते, आणि काही गाण्यांत सैन्यात हत्यार न घेण्याचा आणि देश सोडून जाण्याचा विषय आला.

२२ सप्टेंबर १९७५ रोजी हा गट लाइपझिगमध्ये परवान्यासाठी समितीपुढे गेला. त्यांना वाजवू दिले गेले नाही. गटावर बंदी आहे का, असे विचारल्यावर उत्तर मिळाले की बंदी नाही, हा गट आमच्या दृष्टीने आता अस्तित्वातच नाही. यावेळी पाण्याचे फवारे नव्हते, कुत्री नव्हती, वृत्तपत्रात लेखही आला नाही. गटातल्या दोघांना पुढल्या वर्षी अटक झाली आणि १९७७ मध्ये त्यांना पश्चिमेत पाठवून देण्यात आले. येंच त्याआधीच, १९७६ मध्ये, पश्चिम बर्लिनला निघून गेला होता.